डाव्या तळपायावरची खूण

जालना,
रविवार, ता. १३ डिसेंबर १९४२
सकाळी सात वाजून दहा मिनिटे

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी लेकरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून लिहीत आहे. आज रविवार, जीन बंद आहे, त्यामुळे कापसाची धूळ खाली बसली आहे आणि कागद पांढराच राहतो आहे. आत्तापर्यंत मी झोळ्या तपासत होतो. आमच्याकडचे सर्वांत जड लेकरू नऊ शेरांचे आहे, म्हणून बारा शेर सरकी पिशवीत भरली आणि ती पिशवी एकेका झोळीत ठेवून शंभर शंभर झोके दिले. एकूण झोळ्या अकरा. आठव्या झोळीचा दोर खुंटीजवळ आतून विरलेला निघाला. वरून अगदी चांगला दिसत होता. मी तो कापून टाकला. त्या झोळीत कालपर्यंत लेकरू झोपत होते. मग घड्याळ पाहिले आणि कागद काढला. अक्षरे मोठी काढतो आहे, म्हणजे तुला एकटीला वाचता येतील. बद्रीनाथ मास्तरांकडे हे पत्र नेऊ नकोस. एखादा शब्द अडला तर तो सोडून पुढे जा, पण दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. कडूबा कापसाची गाडी रिकामी करून आज दुपारी पिंपळगावाला परत निघतो आहे, त्याच्या हाती देतो. मंगळवारी तुला मिळेल.

तुला मी दिवाळीत सांगितले होते की मला हजेरीच्या कामाबरोबर आणखी एक काम मिळाले आहे, पण ते काय, हे सांगितले नव्हते. ते सांगायला मला जमले नाही. आमच्या जिनात सत्तावीस बायका कामाला आहेत आणि त्यातल्या अकराजणी अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या आहेत. आजवर त्या लेकरांना कापसाच्या ढिगाजवळ निजवून कामावर जात. तुला ते वेगळे सांगायला नको. यंदा सरकारातून हुकूम आला की कारखान्याने लेकरांसाठी वेगळी खोली करावी, तिथे सांभाळायला बाई ठेवावी आणि साहेब येऊन तपासणी करतील. शेटजींनी सरकीच्या गोदामाची एक बाजू विटांनी बंद करून खोली केली आणि मुनीम काकासाहेबांनी तिचे रजिस्टर माझ्याकडे दिले, कारण माझे अक्षर चांगले आहे आणि मी पान घाण करत नाही. सांभाळायला अंबडची साळूबाई ठेवली. तपासणी उद्याच्या नव्हे, पुढच्या सोमवारी, ता. २१ ला आहे. त्या दिवशी खोली पसंत पडली नाही तर शेटजी म्हणतात, दुरुस्त्या करत बसायला त्यांच्याकडे वेळ नाही, खोलीला कुलूप लावू आणि बायकांना सांगू की लेकरे घरी ठेवा. घरी कोण आहे, अक्का? ती परत ढिगाजवळ येतील.

हुकूम उर्दूत आहे. मी शाळेत उर्दूची चौथी केली, पण कायद्याचा कागद वाचताना माझा माझ्यावर विश्वास बसत नाही, म्हणून फाटकावरच्या ख्वाजामियाँ जमादारांकडून तो दोनदा वाचून घेतला आणि मराठीत उतरवला. एकूण नऊ कलमे आहेत. दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडला पाहिजे, म्हणून सुताराकडून बिजागऱ्या फिरवून घेतल्या. खोलीत चूल नको, कापूस नको, सरकी नको. आगीसाठी वाळूच्या दोन बादल्या हव्यात; त्या भरून ठेवल्या तर एकीत मांजर घाण करू लागले, म्हणून तिच्यावर पत्रा झाकला, आणि मग आग लागली तर पत्रा काढायला किती वेळ जाईल ते मोजून पाहिले. पिण्याच्या पाण्याला झाकण आणि ओगराळे हवे. खिडकीला बारीक जाळी हवी. ख्वाजामियाँ मला हसतात. मी तासातासाला लेकरे मोजतो ते पाहून म्हणाले, "अरे धर्मराज, तेरे नाम का मालिक ऊपर बैठ के गिनता, तू नीचे बैठ के गिनता. दोनों को नींद नको." मीही हसलो, पण मोजणे सोडले नाही. सातवे कलम असे की खोलीत कोणत्याही लेकराला अफूची गोळी दिली जाऊ नये आणि तसे रोज रजिस्टरात लिहावे. मी त्याची पाटी करून दारावर लावली. मोठ्या अक्षरांत लिहिले की गोळी देणाऱ्या बाईला कामावरून काढले जाईल. "काढले जाईल" हे काकासाहेबांनी घालायला लावले. बायकांना वाचता येत नाही, म्हणून मी ते मोठ्याने वाचूनही दाखवले. सगळ्याजणी मान हलवून आत गेल्या. तेव्हापासून मी रोज अकरा नावांपुढे अकरा वेळा "नाही" लिहीत आलो. माझा "नाही" फार सुबक निघतो, अक्का. "न" ची गाठ, "ह" चा वळसा, सगळे सारखे.

तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? ज्वारीच्या निवडणीला जात असशील तर डोक्याला फडके बांधून जा. मागे तू पाठवलेल्या चिठ्ठीत "लोणचं" नीट लिहिले होतेस, फक्त एक टिंब राहिले होते. चुलीजवळ बसून माझ्या फुटक्या पाटीवर तू अक्षरे गिरवलीस तो उन्हाळा मला आठवतो. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तू नुकतीच सासरहून परत आली होतीस. कशासाठी परत पाठवले हे घरात कुणी बोलत नव्हते, पण आडावर बायका बोलत होत्या ते मी ऐकले होते. "तिच्या हाती लेकरू देऊ नगा" एवढेच. तू ऐकले होतेस का, मला माहीत नाही. ऐकलेच असशील. नंतर रामनवमीला आपण जांबला गेलो होतो. गर्दीत एका परक्या बाईने कमरेची पिशवी सोडायची म्हणून तुला म्हटले, "बाई, एवढं लेकरू धरा जरा." तू दोन्ही हात पाठीमागे नेलेस. ती बाई तुझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने ते लेकरू माझ्याकडे दिले. मी ते धरले. ते माझ्या सदऱ्याचे बटण ओढत होते आणि तू दुसरीकडे बघत होतीस. ती बाई येईपर्यंत तू एकदाही वळून पाहिले नाहीस. मला त्या दिवशी देवळात जाऊन काय मागायचे ते सुचले नाही.

आता मंगळवारचे सांगतो. मंगळवारी ता. ८ ला सकाळी मी नेहमीप्रमाणे आठ, नऊ, दहा असे तासाला आत येऊन गेलो. अकरा मोजले, अकरा होते. अकरा वाजता आलो तेव्हाही अकराच होते, पण खोलीत काहीतरी कमी होते. मी परत मोजले. मग लक्षात आले की मैमूनाचा अलीम रडत नाही. अलीम आठ महिन्यांचा आहे आणि तो अकरा वाजता रडतोच, कारण त्या वेळी जिनाचा पट्टा बदलतात आणि मोठा आवाज होतो. मी त्याची झोळी उघडली. त्याचे ओठ जांभळट झाले होते. डोळ्याची पापणी वर केली तर बाहुली मोहरीपेक्षा लहान. तो श्वास घेत होता, मग थांबत होता, आणि तो परत श्वास घेईपर्यंत मी पाचपर्यंत मोजले. साळूबाई दुसऱ्या लेकराला पुसत होती. मी विचारले, "याला गोळी दिली का?" तिने पाटीकडे पाहिले आणि म्हणाली, "न्हाई." मी तो "न्हाई" ऐकला आणि मला एकदम कळले की तो खोटा आहे. कसे कळले ते पुढे सांगतो.

मी अलीमला उचलून फाटकाकडे पळालो. ख्वाजामियाँनी टांगा अडवला आणि स्वतः पुढे बसले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. मैमूना कामाचे कापड डोक्याला तसेच गुंडाळलेले, अंगभर कापूस, मागून धावत आली. बाई तिला म्हणाल्या, "कुणी दिली यावरून नंतर भांडा. किती वेळा दिली ते आधी सांगा." मैमूना आधी माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, सांग. ती म्हणाली, "सुबू एक दी. घर से निकलते वक्त." मग तिला रडू आले आणि ती मलाच म्हणाली, "पाटी पे तुमीच लिख्या ना भाई, दी तो काम से निकालते. फिर मैं कायकू बोलती?" साळूबाईला ते ठाऊक नव्हते. तिच्या कनवटीला तिची स्वतःची डबी होती आणि दहा वाजता अलीम किरकिर करू लागला तेव्हा तिने दुसरी दिली. डॉक्टरीणबाईंनी त्याचे पोट धुतले, सुई दिली आणि मला सांगितले की याच्या तळपायावर टिचक्या मारत राहा, याला झोपू द्यायचे नाही. मैमूना त्याला धरून बसली आणि ते काम माझ्याकडे आले. मी टिचक्या मारत होतो आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून श्वास मोजत होतो. आधी मिनिटाला सहा. एक वाजता आठ. तीन वाजता चौदा. त्याचे तळपाय लाल झाले. ख्वाजामियाँ बाहेर ओट्यावर बसून काहीतरी पुटपुटत होते. पावणेपाचला अलीमने तोंड वाकडे केले आणि तो रडला. इतका चिडून रडला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हां, आता तुला शिव्या देतोय, आता भीती नाही." मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. ख्वाजामियाँनी मला पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी साळूबाईला काढले. ती रडली नाही, भांडली. "मला काय सपान पडलं व्हतं का, तिनं घरून दिल्याचं? अकरा लेकरं अन् दोन हात. एक निजवावं तर दुसरं उठून राह्यलं. तुमी एक दिवस सांभाळून दावा, काकासाहेब, मंग बोला." जिनातल्या बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि एकीनेही असे म्हटले नाही की आम्हीही घरून गोळी देतो. मीही काही म्हटले नाही. सगळे साळूबाईवर ढकलून मोकळे होत होते. काकासाहेब मला म्हणाले, "मंगळवारच्या पानावर लिही, न्हाई म्हणून. सायेबाला काय दवाखाना दावायचा हाय का? आरं, कागदाला काय पोट असतंय दुखायला?" मी टाक उचलला. अलीमच्या नावापुढची जागा रिकामी होती. मी "न" काढला आणि तिथेच थांबलो. मग तो खोडला. रजिस्टरात माझी ती पहिली खाडाखोड आहे. त्यापुढे लिहिले: घरून एक, खोलीत एक, दवाखान्यात नेले, वाचला. चूक पाटीची आहे, पाटी मी लिहिली. सही. काकासाहेब म्हणाले, "तुझा खरेपणा तुझ्या पगारातनं कापतो, थांब." ते कापतील का नाही, ते महिनाअखेरीला कळेल. मी रजिस्टर ख्वाजामियाँकडे त्यांच्या पेटीत कुलपात ठेवायला दिले आहे आणि रोज त्यांच्यासमोर लिहितो. काकासाहेबांच्या भीतीने दिलेले नाही. माझाच हात ते पान बदलायला जाईल अशी मला भीती वाटते.

साळूबाई गेल्यावर मी पाटी उतरवली आणि बायकांना जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसवले. मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो की कुणी देते का, हे मी विचारणार नाही. पण ज्या लेकराला सकाळी घरून गोळी दिली असेल त्याच्या डाव्या तळपायाला आईनेच काजळाचा एक ठिपका लावून आणायचा. तोंडाने काही सांगायचे नाही. दृष्ट लागू नये म्हणून आपण तीट लावतोच, तिथे कुणाचे लक्ष जात नाही. खोलीत लेकरू घेतले की सांभाळणारीने आधी तळपाय पाहायचा, मग त्याचे तोंड. ठिपका असेल त्याला दिवसभर दुसरी गोळी कुणीही द्यायची नाही, आणि दर घटकेला त्याचा श्वास पाहायचा. नंदाबाई म्हणून एक थोराड बाई आहे, ती म्हणाली, "अन् ठिपका बघून तूच आमचं नाव लिवलं तर?" मी म्हटले, नाव लिहिणार नाही, नुसता आकडा लिहीन. ती म्हणाली, "बघा गं बायांनो, हा बाप्या असून काजळ लावायला शिकवून राह्यला," आणि सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही ठिपका नव्हता. शुक्रवारी दोन होते. एक मैमूनाच्या शेजारणीचा, एक खुद्द नंदाबाईच्या नातवाचा. काल शनिवारी सात होते. सात, अक्का! अकरांतले सात. आणि मी महिनाभर "नाही" लिहीत होतो. काजळात एरंडेल जास्त घातले तर ठिपका दिवसभर टिकतो, हे मी माझ्या तळपायावर लावून पाहिले आहे.

मैमूना अलीमला घेऊन परत आली आहे. त्याच्या तळपायाला ठिपका नसतो. ती त्याला पदराखाली कितीदा तरी घेते आणि पट्ट्यावरच्या कामात मागे पडते, म्हणून नंदाबाई तिच्या वाटचा थोडा कापूस स्वतः टाकते. सध्या खोलीत बायका आळीपाळीने एकेक तास बसतात आणि काकासाहेब त्या तासाचा पगार कापतात. हे सोमवारपर्यंतच चालेल. नववे कलम असे की खोलीत कायम एक बाई पाहिजे, जिच्यावर आया विश्वास ठेवतील. साळूबाईला बोलवायला मी गुरुवारी अंबडला जाऊन आलो. ती लेकीच्या अंगणात भांडी घासत होती. म्हणाली, "तुमी आलात तेच लई झालं. पर आता लेकरू घेतलं की माझे हात कापून राह्यले. मी न्हाई यायची." तेवढे बोलून तिने हात राखेत घातले. मी येताना मोटारीत बसलो आणि मला तिचे हात दिसत राहिले. मग ते तिचे राहिले नाहीत, जांबच्या गर्दीत पाठीमागे गेलेले हात झाले. दोन दिवस मी हे पत्र लिहायचे टाळले. दाराची कडी तपासली, वाळू चाळली, जाळीची भोके मोजली. आज आठव्या झोळीचा दोर हातात आला तेव्हा माझ्याकडे तपासायला काही उरले नाही.

अक्का, आता तू खाली बस आणि मग वाच. आपला तान्हा भाऊ रखम्या गेला त्या दिवशी आई गावच्या जिनात होती. सकाळची गोळी आईने दिली होती आणि दुपारची तू दिलीस, जशी ती रोज द्यायला सांगायची तशी, एकच. मग तू आईची भाकरी घेऊन गेलीस आणि मला म्हणालीस, "धर्म्या, झोळी हालवत राह्य, मी आलेच." तू गेल्यावर बाहेर अस्वलवाला आला. त्याचा डमरू वाजायला लागला आणि रखम्या जागा झाला. मी सात वर्षांचा होतो. मला अस्वल बघायचे होते. मी कोनाड्यातली पत्र्याची डबी काढली, एक गोळी गुळाच्या पाण्यात बोटाने विरघळवली आणि त्याला चाटवली. एक थेंबही सांडू दिला नाही, बोट पुसले, डबी होती तशी ठेवली. तो झोपला आणि मी गेलो. अस्वल दोन पायांवर उभे राहिले तेवढे मला आठवते. संध्याकाळी आईने डबीतल्या गोळ्या मोजल्या, एक कमी होती. तिने आधी मला विचारले, "तू हात लावला व्हता का डबीला?" मी म्हणालो, "न्हाई." मंगळवारी साळूबाईचा खोटा "न्हाई" मला या माझ्याच "न्हाई"वरून ओळखू आला. मग ती तुझ्याकडे वळली. तू कोनाड्याकडे पाहिलेस. गुळाची वाटी तिथेच होती आणि ती मी ठेवायचो तशी पालथी ठेवलेली होती. मग तू माझ्याकडे पाहिलेस आणि म्हणालीस, "मीच दिल्या, दोन." सोळा वर्षे मी स्वतःला सांगत आलो की तुला ठाऊक नव्हते, तू घाबरून म्हणालीस, तुझाच मोजण्यात घोळ झाला असेल. तुला ठाऊक होते का, हे मी विचारत नाही. ठाऊक नसेल तर आता ठाऊक झाले. तुझ्या हातून काही झालेले नाही. तू एकच दिलीस. हे मी बद्रीनाथ मास्तरांना, आडावरच्या बायकांना, तुझ्या सासरच्यांना, सगळ्यांना तोंडाने सांगणार आहे. तपासणी झाली की दुसऱ्याच दिवशी गावी येतो. आधी मात्र तुला एकटीला कळायला हवे होते. आणि दुसरे असे की तू इथे ये. कडूबा गुरुवारी कापूस भरून परत निघतो आहे, त्याच्या गाडीतून अंबडपर्यंत आणि तिथून मोटारीने. सोमवारच्या आत. मला सबंध जालन्यात दुसरी बाई दिसत नाही जी प्रत्येक वेळी, दिवसातून शंभर वेळा, आधी तळपाय पाहील. मैमूनाला मी तुझ्याबद्दल सांगितले. सगळे सांगितले, माझ्यासकट. ती म्हणाली, "बुला लो उनको. अलीम को पहले मैं ही देती उनके हाथ में." तू लगेच कुणाला घेऊ नकोस. नुसती उंबऱ्यावर बसून राहिलीस तरी चालेल. आणि तुला मला काही बोलायचे असेल, मारायचे असेल, तर तेही इथे येऊन कर, मी दारातच उभा असेन. मला भीती वाटते आहे, अक्का. साहेबांची नाही. कडूबाची गाडी अंबडला तुझ्यावाचून आली तर काय करायचे याची.

तुझाच धाकटा, ज्याने त्या दिवशी खोटे सांगितले तो,
धर्मराज

खोलीसाठी माझ्याकडून झालेला खर्च (सगळे हाली, म्हणजे निजामी नाण्यांत): दोर तीन आणे, चुना पाच आणे, त्या दिवशीचा टांगा चार आणे, काजळासाठी एरंडेल दीड आणा. एकूण साडेतेरा आणे.
देणे: साळूबाईच्या आठ दिवसांच्या पगाराचा एक रुपया दहा आणे. काकासाहेब देणार नाहीत, मी देईन.
कडूबाजवळ तुझ्या मोटारीच्या भाड्याचे आठ आणे दिले आहेत. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. तू आली नाहीस तरी ते परत पाठवू नकोस.